बारावीला लॉग टेबल, डिप्लोमाला कॅल्क्युलेटर : सावलीच्या मुलांनी कोणता घ्यावा, कधी घ्यावा?

दहावीचा निकाल लागतो, पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात, आणि नेमके त्याच वेळी आपल्या झाडीपट्टीत रोवण्याचे दिवस येतात. घरातला पैसा बियाणे, खत आणि मजुरीत गेलेला असतो. धान विकून हातात काही यायला दिवाळी उलटते. अशा जुलै-ऑगस्टमध्ये पोरगा किंवा पोरगी यादी घेऊन घरी येते : ड्रॉइंग शीट, मिनी ड्राफ्टर, वह्या, गणवेश, आणि शेवटी एक ओळ, 'सायंटिफिक कॅल्क्युलेटर'. यादीत मॉडेल लिहिलेले नसते. दुकानदार सगळ्यात महाग दाखवतो, मित्र सगळ्यात स्वस्त सांगतो, आणि बाप म्हणतो, मोबाईलमध्ये असतो ना.

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. सावली, मूल, सिंदेवाही, गडचिरोली या पट्ट्यातल्या आपल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्यांना डोळ्यांपुढे ठेवून आम्ही तो लिहीत आहोत. वस्तू लहान आहे, पण चुकीची घेतली तर पैसे वाया जातात. वेळेवर घेतली नाही, तर पहिल्या सत्रातच गणिताच्या पेपरात मुलगा मागे पडतो आणि 'मला जमत नाही' असे स्वतःच ठरवून टाकतो. हे दुसरे नुकसान मोठे आहे.

आधी परीक्षेचे नियम बघू, कारण खरेदीचा निर्णय तिथूनच होतो.

अकरावी-बारावी विज्ञानाला महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांच्या प्रश्नपत्रिकेवर सूचना असते की लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. जेईई मेन, नीट, एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षांतही कॅल्क्युलेटर नेता येत नाही. म्हणजे जो विद्यार्थी अकरावी विज्ञानाला जातो, त्याने दोन वर्षे कॅल्क्युलेटर घेतला नाही तरी परीक्षेत काही बिघडत नाही. आम्ही तर म्हणू, घेऊच नये. बारावीच्या सरावात कॅल्क्युलेटरची सवय लागली की फेब्रुवारीत परीक्षेच्या हॉलमध्ये हात आखडतो. याला एक अपवाद आहे. गणन-अक्षमतेसारखी अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना प्रमाणपत्राच्या आधारे कॅल्क्युलेटरची सवलत मिळू शकते. त्यासाठी शाळा किंवा कॉलेजमार्फत मंडळाकडे वेळेत अर्ज करावा लागतो. आपल्याकडे ही सवलत अनेक पालकांना माहीतच नसते, म्हणून इथे मुद्दाम सांगितले.

दहावीनंतर थेट डिप्लोमाला गेलेल्याची गोष्ट उलटी आहे. गडचिरोली किंवा ब्रह्मपुरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात प्रवेश घेतला की परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. त्या प्रश्नपत्रिकेवरच सूचना छापलेली असते की प्रोग्राम न करता येणारा इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर वापरता येईल, आणि मोबाईल किंवा इतर संपर्काची साधने चालणार नाहीत. म्हणजे मोबाईलमधला कॅल्क्युलेटर घरी अभ्यासाला ठीक, परीक्षेत शून्य. डिप्लोमावाल्याला पहिल्या सत्रापासून स्वतःचा कॅल्क्युलेटर लागतो. बारावीनंतर चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा नागपूरला अभियांत्रिकीला गेलेल्यालाही लागतो. गोंडवाना विद्यापीठाच्या बीएस्सीला असाल तर आपल्या विषयाच्या शिक्षकांना आणि मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेला विचारा. वरच्या सूचना वाचायला दोन मिनिटे पुरतात.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. देशातल्या सगळ्या मुलांना हा नियम सारखा नाही. आयएससी मंडळाच्या बारावीला साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटच्या शाळांत तर आलेख काढून दाखवणारा महागडा कॅल्क्युलेटर मुलाच्या दप्तरात असतो आणि तो कसा वापरायचा हे वर्गात शिकवतात. मुंबई-पुण्यातली अशी मुले अठराव्या वर्षी हे यंत्र सराईतपणे चालवतात. आपल्याकडचे मूल त्याच वयात ते पहिल्यांदा हातात घेते, आणि तेही परीक्षेच्या आठवड्यात. बुद्धीचा फरक नाही, हाताच्या सवयीचा आहे. राज्य मंडळाने बारावीला ठरावीक साध्या मॉडेलला परवानगी द्यावी, असे आमचे मत आहे. आकडेमोडीत जाणारा वेळ मग विचार करण्यात जाईल. पण मत असणे वेगळे आणि उद्याची परीक्षा वेगळी. नियम आहे तोवर लॉग टेबल पक्के केले पाहिजे.

लॉग टेबलची भीती अनाठायी आहे. सन १६१४ मध्ये जॉन नेपियर यांनी लघुगणकाची कल्पना प्रसिद्ध केली आणि पुढची साडेतीनशे वर्षे जगातल्या खगोलशास्त्राची, जहाजांची आणि पुलांची गणिते त्यावर झाली. गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी, वर्गमूळ काढायचे तर दोनाने भागायचे. एवढेच त्यातले गुपित आहे. एक उदाहरण करून बघा. साध्या लंबकाची लांबी ०.९ मीटर, गुरुत्व त्वरण ९.८, तर आवर्तकाल किती? ०.९ चा लॉग बार १.९५४२. ९.८ चा लॉग ०.९९१२. वजाबाकी केली तर बार २.९६३०. वर्गमूळ आहे म्हणून त्याचे निम्मे, बार १.४८१५. आता दोन पाय म्हणजे ६.२८३, त्याचा लॉग ०.७९८२. बेरीज ०.२७९७. अँटिलॉग काढला की १.९०४ सेकंद. कॅल्क्युलेटरही हेच उत्तर देतो. ज्या मुलांचे चुकते त्यांचे बहुधा 'बार'च्या वजाबाकीत चुकते, टेबल बघण्यात नाही. म्हणून अकरावीच्या सुट्टीत रोज पाच उदाहरणे बारची करायची. महिनाभरात हात बसतो.

हा सराव पुढे कॅल्क्युलेटर आल्यावरही वाया जात नाही. हायड्रोजन आयनांची तीव्रता २.५ गुणिले १० चा उणे ५ वा घात असेल, तर पीएच ४ आणि ५ च्या मधे येणार हे लॉग शिकलेल्या मुलाला बटण दाबण्याआधीच कळते. उत्तर ४.६०२ आले तर बरोबर, उणे आले किंवा १२ आले तर बटण चुकले. ज्याला हा अंदाज नाही, तो यंत्र जे दाखवेल ते उतरवून मोकळा होतो.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर पहिल्यांदा खिशात मावला तो १९७२ साली, एचपी-३५ या नावाने, आणि त्याची किंमत होती ३९५ डॉलर. आज तेच काम, किंबहुना जास्त, काही शे रुपयांत होते. आपल्याकडे बाजारात कॅसिओचा दबदबा आहे आणि शिक्षकही बटणांचे क्रम त्याच धरून सांगतात, म्हणून त्याच मॉडेलांची नावे घेतो. दुसऱ्या कंपनीचा चांगला मिळाला तर घ्यायला हरकत नाही, फक्त खाली सांगितलेल्या चाचण्या त्यावरही करा.

सगळ्यात साधा म्हणजे एफएक्स-८२ एमएस. दोन ओळींचा पडदा : वर तुम्ही काय टाकले ते, खाली उत्तर. यात त्रिकोणमिती, लॉग, घात, मुळे, अपूर्णांक, अंश-मिनिट-सेकंद, सरासरी आणि प्रमाण विचलन, क्रमचय-संचय एवढे सगळे आहे. समीकरणे सोडवणे, संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, संकलन यात नाही. बीएस्सी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, डी.फार्म, सिव्हिल डिप्लोमाची पहिली दोन सत्रे, यांना हा पुरतो. सर्वेक्षणातले कोन अंश-मिनिट-सेकंदांत असतात आणि त्यासाठीचे बटण या स्वस्त मॉडेलमध्येही आहे, हे सिव्हिलवाल्यांनी लक्षात ठेवावे.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ९९१ ची मालिका. त्यात तीन पिढ्या एकाच वेळी बाजारात दिसतात आणि गोंधळ इथेच होतो. ९९१ एमएस जुना, दोन ओळींचाच, पण त्यात दोन आणि तीन चलांची समीकरणे, वर्ग व घन समीकरण, मॅट्रिक्स, संमिश्र संख्या, निश्चित संकलन, द्विमान पद्धती हे सगळे आहे. ९९१ ईएस प्लसमध्ये अपूर्णांक, वर्गमूळ, संकलनाचे चिन्ह पुस्तकात छापतात तसेच पडद्यावर उमटते. टाकताना चूक झाली तर डोळ्यांना लगेच दिसते, हा त्याचा मोठा फायदा. त्यानंतर क्लासविझ नावाचे ९९१ ईएक्स आणि मग ९९१ सीडब्ल्यू आले. पडदा जास्त स्पष्ट, कामेही जास्त. पण सीडब्ल्यूची मेनूची मांडणीच बदललेली आहे. वर्गातले सर 'मोड दाबा, पाच दाबा' म्हणतात आणि या मुलाच्या यंत्रावर ते बटणच सापडत नाही.

आमचा सल्ला सरळ आहे. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक या शाखांना जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी ९९१ घ्यावा, कारण प्रत्यावर्ती विद्युत मंडळांत संमिश्र संख्या आणि संगणकात द्विमान-षोडशमान रूपांतर पावलोपावली लागते. ८२ एमएस घेतला तर वर्षभरात दुसरा घ्यावाच लागेल, मग पैसे दोनदा. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्याला पैशाची ओढ असेल तर ८२ एमएसने सुरुवात करता येते, पण पुढे पदवीला जायचे ठरलेले असेल तर एकदाच ९९१ ईएस प्लस बरा. किमतीत ८२ एमएस साधारण निम्म्यात मिळतो. वर्गातल्या बहुतेकांकडे जे मॉडेल आहे तेच घ्यावे, हा निकष आम्ही कार्यांच्या आकड्यापेक्षा वरचा मानतो. पुठ्ठ्याच्या डब्यावर २४०, ४०१, ४१७, ५५२ असे आकडे छापलेले असतात. त्यातली वीस-पंचवीस कामेच खरी लागतात, आणि ती अडली तर शेजारचा मित्र सांगू शकला पाहिजे.

प्रोग्राम करता येणारा किंवा आलेख दाखवणारा घेऊ नका. तो परीक्षेत चालत नाही. ऑनलाइन मागवताना एफएक्स-५८०० पी, एफएक्स-सीजी ५० अशी नावे दिसली तर तो आपला माल नव्हे. ९९१ मालिकेतले कॅल्क्युलेटर प्रोग्राम न करता येणाऱ्या प्रकारातच येतात. आलेख बघायची हौस असेल, आणि असावी, तर मोबाईलवर जिओजेब्रा आणि डेसमॉस फुकट आहेत. परदेशी शिक्षणाकडे डोळा ठेवणाऱ्यांनी एवढे माहीत असू द्यावे की डिजिटल सॅट परीक्षेत डेसमॉस पडद्यावरच दिलेला असतो, जीआरईमध्ये साधा कॅल्क्युलेटर पडद्यावर असतो, आणि आपल्या गेट परीक्षेतही स्वतःचा नेता येत नाही, पडद्यावरचाच माऊसने चालवावा लागतो. त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

दुकानात काय तपासायचे? तथागतांनी धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले, या आणि पाहा. दुकानदाराच्या शब्दाला तर ते शंभरदा लागू आहे. बाजारात सारख्या नावाचे, सारख्या रंगाचे नकली कॅल्क्युलेटर असतात. बटणांवर सगळे छापलेले, आत काम अर्धेच. म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी दाबून बघा. २ अधिक ३ गुणिले ४ : उत्तर १४ आले पाहिजे. २० आले तर तो किराणा दुकानातलाच कॅल्क्युलेटर आहे, वेष फक्त बदललेला. मग ६९ चे क्रमगुणित काढा. १.७११ गुणिले १० चा ९८ वा घात असे उत्तर येते. ७० चे काढा, 'मॅथ एरर' आला पाहिजे, कारण १० च्या शंभराव्या घातापुढे या यंत्रांची मजल नाही. ९९१ असेल तर एक वर्ग समीकरण सोडवून घ्या. आणि बिल घ्या. बिल नाही तर हमी नाही.

चौथी चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती दुकानातच नव्हे, दर परीक्षेच्या सुरुवातीला करायची : साईन ३०. उत्तर ०.५ आले तर यंत्र अंशांत आहे. उणे ०.९८८ आले तर ते रेडियनमध्ये आहे. ०.४५४ आले तर ग्रेडियनमध्ये, जे आपल्याला कधीच लागत नाही. पडद्याच्या वरच्या कडेला बारीक डी, आर किंवा जी असे अक्षर असते, पण घाईत ते दिसत नाही. कोणी मित्राने यंत्र घेतले, मोड बदलला आणि परत दिले, की अख्ख्या पेपरातली त्रिकोणमिती चुकते. रीत बरोबर, सूत्र बरोबर, उत्तर चूक. गुगलच्या कॅल्क्युलेटरवरही हा फटका बसतो, तो सुरुवातीला रेडियनमध्येच असतो. एमएस मॉडेलमध्ये मोड बटण पुन्हा पुन्हा दाबून आणि ईएस प्लसमध्ये शिफ्ट व मोड दाबून हे बदलता येते. यंत्र फारच वेड्यासारखे वागू लागले तर ईएस प्लसवर शिफ्ट, ९, ३ आणि मग बरोबरचे चिन्ह दाबले की सगळे मूळ स्थितीला येते.

दुसरी नेहमीची चूक दहाच्या घाताची. अ‍ॅव्होगॅड्रो संख्या टाकताना मुले ६.०२२, गुणिले, १०, मग घाताचे खास बटण, मग २३ असे दाबतात. त्या खास बटणातच 'गुणिले दहाचा' हे आलेले असते. उत्तर दहापट मोठे येते आणि शोधूनही चूक सापडत नाही. ६.०२२, ते बटण, २३, बस्स. तिसरी, भागाकाराच्या खाली गुणाकार असेल तर कंस टाकायचाच. एक भागिले दोन पाय हे प्रत्येक मॉडेल आपल्या मनासारखेच वाचेल या भरवशावर राहू नये. आणि उत्तरपत्रिकेत पायऱ्या लिहायच्या. गुण पायऱ्यांना असतात. यंत्राने वर्ग समीकरणाची मुळे दिली म्हणून नुसती मुळे लिहिली तर तपासणारा काय देणार? ९९१ चा खरा उपयोग स्वतः सोडवलेले बरोबर आहे का हे ताडून बघायला.

पैशाचे काय, हा प्रश्न उरतोच. शासकीय वसतिगृहात असाल तर शैक्षणिक साहित्याच्या तरतुदीबद्दल गृहपालांना विचारा, आणि लेखी विचारा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन-निवासाच्या रकमेशिवाय वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० आणि इतर शाखांना २,००० रुपये शैक्षणिक साहित्यासाठी धरलेले आहेत. हे पैसे बँक खात्यात येतात, पण प्रवेशाच्या आठवड्यात येत नाहीत. मधले तीन-चार महिने कसे काढायचे, हाच खरा पेच आहे, आणि तो समाज म्हणून सोडवता येण्यासारखा आहे.

६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला हार-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याची चळवळ महाराष्ट्रभर रुजली. तिच्यात आता कॅल्क्युलेटर यावा, असे आम्ही सुचवतो. १९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला. चांदीचे भाव, विनिमयाचे दर, वर्षावर्षांचे तक्ते, आकड्यांनी भरलेला ग्रंथ. त्यांच्या जयंतीला आकडेमोडीचे यंत्र वाटण्यात वावगे काय आहे? गावातल्या जयंतीला एका रात्रीच्या डीजेचा जो खर्च होतो, त्यात विहाराच्या अभ्यासिकेसाठी कॅल्क्युलेटरचा छोटा संच सहज उभा राहतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात आणि आपली माणसे पिशव्या भरभरून पुस्तके नेतात. तिथे जुने कॅल्क्युलेटर गोळा करण्याचा एक टेबल लागू शकतो. पदवी संपली की ९९१ पेटीत पडून राहतो. नोकरीला लागलेल्या आपल्या अभियंत्यांच्या घरी असे किती असतील!

संच करायचा ठरलाच तर काही गोष्टी सांभाळा. सगळे एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे एकजण शिकवील आणि दहाजण एकाच वेळी दाबतील. मागच्या बाजूला रंगाने क्रमांक टाका आणि नोंदवही ठेवा : कोणी नेला, कोणत्या सत्रासाठी, परत कधी. अनामत घेऊ नका, ज्याच्याकडे अनामत आहे त्याला संचाची गरज नसते. पहिला हक्क डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गेलेल्यांचा, त्यातही मुलींचा, कारण घरात एकच घ्यायचा झाला तर तो भावाकडे जातो. अकरावी-बारावीच्या मुलांना संचातले यंत्र घरी देऊ नका. त्यांच्यासाठी लॉग टेबलची पुस्तिका ठेवा, आणि बारावीची परीक्षा संपल्यावर निकालापर्यंतच्या दिवसांत त्यांचा आठवडाभराचा सराववर्ग घ्या : मोड, घाताचे बटण, कंस, साठवण. म्हणजे कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती नवखी राहणार नाहीत.

९९१ एमएस आणि ईएस प्लसवर सौर पट्टी असते आणि आत एलआर-४४ चा बटण सेल. तो वर्षानुवर्षे चालतो. ८२ एमएस मात्र फक्त सेलवर चालतो. उन्हाळ्यात अभ्यासिका बंद राहणार असेल तर त्यातले सेल काढून वेगळ्या डबीत ठेवा. सेल गळला की आतली पत्रीची पट्टी गंजते, आणि जूनमध्ये पोरगी यंत्र न्यायला येते तेव्हा ते चालू होत नाही.